दुपारी चालतो, संध्याकाळी रुसतो

पेण-रोह्याकडच्या प्रकाशयोजनावाल्यांनो, हे वाचाच. रिकाम्या मांडवात टॅबलेटवरून एकेक पार मस्त लागतो आणि तिसरी घंटा झाली की कन्सोल सापडतच नाही! रोह्याच्या एका प्रयोगात माझी अशीच फजिती झाली.

बिघाड कशातच नव्हता. वायफायच्या लहरी पाणी शोषून घेतं, आणि माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. त्यात प्रत्येकाच्या खिशात मोबाइल. माझा राउटर टेबलाखाली होता. तो खांबाला डोक्यांच्या वर बांधला, २.४ सोडून ५ गिगाहर्ट्झ लावलं, काम झालं. २.४च वापरायचं तर चॅनल १, ६ किंवा ११ घ्या. मधले शेजाऱ्यांत घुसतात.

मुळात जोडणीच होत नसेल तर आयपी बघा. टॅबलेटवर १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही. आर्ट-नेटवाला कन्सोल बऱ्याचदा २ किंवा १०ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर असतो, घरगुती राउटर १९२.१६८वर. गावंच वेगळी, बोलणार कसे? आयपॅड असेल तर ॲपला ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी दिलीय का, तेही तपासा, २०२० पासून ती लागते.

सिमवाला टॅबलेट तर चोरच. राउटरला इंटरनेट नाही म्हटल्यावर गुपचूप मोबाइल डेटावर जातो. डेटा बंदच ठेवा.

एवढं करूनही अडलं, तर मला टॅबलेट आणि कन्सोल दोन्हींचे आयपी आणि सबनेट मास्क लिहून पाठवा. आणि प्रयोगाला बोट फेडरवरच ठेवा, टॅबलेट फोकसिंगपुरता.