आज्ञावलीचा कागदी ताळा

संगणकाचें शिक्षण घेऊं लागलेल्या मुलांची एक तक्रार अनेक घरांतून ऐकूं येते. पुस्तकांतील आज्ञावली वाचतांना सर्व समजतें. परंतु ती चालविल्यावर उत्तर काय येईल, असें विचारतांच गाडी अडते. पालकांस वाटतें, मुलाचें गणित कच्चें आहे. माझ्या मतें येथें गणिताचा दोष क्वचितच असतो. दोष वाचनाचा असतो, आणि तो कसा, हें एका लहानशा उदाहरणानें सांगतों.

पुणें–दौंड लोहमार्गावर यवत आणि केडगांव यांच्यामध्यें खुटबाव हें स्थानक लागतें. अशी कल्पना करूं कीं, त्या गांवीं कोणा शेतकऱ्यास ८४ फूट लांब व ३० फूट रुंद अशा तुकड्यांत सारखे चौरस वाफे आंखावयाचे आहेत. बांधांची जाडी आपण सोडून देऊं. जमीन वांया न जातां वाफा मोठ्यांत मोठा किती फुटांचा घेतां येईल? शाळेंत ज्यास महत्तम साधारण विभाजक म्हणतात, तोच येथें हवा आहे. मोठ्या संख्येस लहान संख्येनें भागावें, उरलेल्या बाकीनें त्या लहान संख्येस भागावें, आणि बाकी शून्य होईपर्यंत असेंच करीत जावें, ही रीत यूक्लिडच्या ग्रंथांत आहे. भास्कराचार्यांच्या इ. स. ११५० च्या सुमाराच्या ‘लीलावतीं’तील कुट्टकहि अशाच परस्पर भागाकारावर उभा आहे.

संगणकास हें सांगावयाचें, तर संख्या ठेवण्यास खण लागतात. ‘क’ या खणांत ८४ व ‘ख’ या खणांत ३० ठेवले. नवशिका विद्यार्थी पुढें लिहितो: ख शून्य नाहीं तोंवर दोन ओळी पुनःपुन्हां कराव्या. पहिली ओळ, क = ख. दुसरी ओळ, ख = क ला ख नें भागून उरणारी बाकी. शेवटीं क मधील संख्या सांगावी. वाचतांना यांत कांहींच वावगें वाटत नाहीं.

आतां कागदावर क आणि ख असे दोन रकाने आंखावे. पहिली ओळ अमलांत येतांच क मधील ८४ खोडून तेथें ३० लिहावे लागतात. दुसऱ्या ओळीवर यावें, तों क मध्येंहि ३० आणि ख मध्येंहि ३०, बाकी शून्य. ख शून्य झाला, फेरा थांबला, उत्तर आलें ३०. तीस फुटांचे दोन चौरस पडून २४ फुटांची पट्टी शिल्लक राहिली! यंत्र मात्र चकार शब्द काढीत नाहीं. दिलेली आज्ञा त्यानें निमूटपणें पाळलेली असते.

कागद हातीं घेईपर्यंत ही चूक दिसली नाहीं, कारण खणांतून गेलेले ८४ मनांतून गेलेले नव्हते. बीजगणितांत बरोबरीचें चिन्ह दोन बाजूंची समता सांगतें, आणि लागोपाठ लिहिलेलीं समीकरणें एकाच वेळीं खरीं असतात. आज्ञावलींत तेंच चिन्ह हुकूम देतें: उजवीकडील मूल्य काढून डावीकडील खणांत ठेव. ठेवतांच तेथील जुनें मूल्य नष्ट होतें. दुधाचें आणि ताकाचें भांडें यांची अदलाबदल करण्यास तिसरें रिकामें भांडें लागतें, हें स्वयंपाकघरांत कोणास शिकवावें लागत नाहीं.

तेव्हां ‘श’ हा तिसरा खण घेऊं. आधीं बाकी श मध्यें ठेवावी, मग क मध्यें ख, मग ख मध्यें श. पहिल्या फेरींत श २४, क ३०, ख २४. दुसरींत श ६, क २४, ख ६. तिसरींत श ०, क ६, ख ०. उत्तर ६. सहा फुटांचे वाफे लांबींत १४ व रुंदींत ५, मिळून ७० बसतात. पायथॉन भाषेंत दोन्ही खण एकाच ओळींत बदलतां येतात. तेथें उजवी बाजू आधीं संपूर्ण काढली जाते, म्हणून तिसरा खण लिहावा लागत नाहीं. परंतु ही सोय तिसऱ्या खणाचें काम कळलेल्यासच उपयोगी.

ताळा मांडतांना खोडरबर वापरूं नये. जुन्या संख्येवर रेघ मारून नवी तिच्याखालीं लिहावी. कीर्द लिहिणारा कारकूनहि खोडलेला आंकडा दिसेल असाच ठेवतो. पुढील ओळी कागदाच्या पट्टीनें झांकाव्या, म्हणजे डोळे पुढें धांवत नाहींत. अनेक मुलें अपेक्षित उत्तर आधीं ठरवितात आणि रकाने त्याप्रमाणें भरतात. तो ताळा नव्हे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० सालीं कार्यान्वित झालेल्या ‘टिफ्रॅक’ या संगणकाची स्मृति २०४८ शब्दांची होती. त्या पिढीच्या यंत्रांवर वेळ दुर्मिळ असे, त्यामुळें आज्ञावली आधीं कागदावर तपासून घेणें भागच असे. आज घरच्या यंत्रावर उत्तर क्षणांत मिळतें आणि तेंच फसवितें. वरील चुकीच्या आज्ञावलीस ६० आणि ३० द्यावे. ती ३० असें अगदीं बरोबर उत्तर देईल, आणि मुलगा समाधानानें वही मिटेल.

बरोबर आज्ञावलीस संख्या उलट क्रमानें, क मध्यें ३० व ख मध्यें ८४ अशा, दिल्या तर काय होतें, हेंहि पाहण्याजोगें आहे. ३० ला ८४ नें भागितां बाकी ३० च उरते. म्हणून पहिल्या फेरीअखेर क मध्यें ८४ आणि ख मध्यें ३० येतात. अदलाबदल आपोआप होते, आणि तिन्हींच्या ठिकाणीं चार फेऱ्या लागतात.