केस कमी, वजन नेमकं

क्लाउझर ही मासेमारीची फ्लाय बांधायला बसलं की पहिला निर्णय रंगाचा नसतो, वजनाचा असतो. डंबेलच्या आकाराचे शिशाचे डोळे अर्ध्या ग्रॅमचे घ्यायचे की सव्वा ग्रॅमचे, एवढं ठरलं की ती फ्लाय किती वेगाने बुडणार, किती खोल जाणार आणि वर्षाच्या कुठल्या दिवसांत कामाला येणार, हे जवळजवळ ठरून जातं. बाकीचं, म्हणजे रंगवलेले केस, चकाकणारे तंतू, डोळ्यांतली लाल-काळी बुबुळं, यांतलं बरंचसं दुकानात शिरणाऱ्या गिऱ्हाइकाला पकडण्यासाठी असतं, असं माझं मत होत चाललं आहे.

फ्लाय म्हणजे खोटं भक्ष्य. गळाच्या उघड्या दांडीवर केस आणि पिसं दोऱ्याने आवळून केलेलं. ट्राउटसाठी बांधतात त्या बऱ्याच फ्लाय नखावर मावतील एवढ्या असतात. स्मॉलमाउथ बास या माशासाठीचं काम जरा धसमुसळं. मी पेनसिल्व्हेनियात हॅरिसबर्गजवळ राहतो. इथे सस्क्वेहाना नदी जवळजवळ मैलभर रुंद आहे, आणि भर उन्हाळ्यात तिच्यातून बऱ्याच ठिकाणी मांडीभर पाण्यात चालत हिंडता येतं. तळाला खडकाच्या आडव्या पट्ट्या आहेत, दूरवर पात्रभर गेलेल्या. पट्टीच्या खालच्या अंगाला पाणी खोल आणि मंद होतं. बास तिथे प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो.

तो मूळचा इथला नाही. एकोणिसाव्या शतकात माणसांनी त्याला डोंगरांच्या पलीकडून आणलं. दक्षिणेच्या पोटोमॅक नदीत तो 1854 मध्ये आला, तोही रेल्वे इंजिनाच्या मागच्या पाण्याच्या टाकीतून. पाठ काशासारखी, डोळे लाल, अंगावर उभे गडद पट्टे. जबडा डोळ्याखाली संपतो. लार्जमाउथ या त्याच्या भाऊबंदाचा डोळ्याच्या मागेपर्यंत जातो. हातभर लांबीचा सापडला तर तो मोठा समजायचा. पण तेवढाच मासा वाहत्या पाण्यात आडवा झाला की मनगट दुखवतो.

त्याचा मुख्य आहार क्रेफिश, म्हणजे आपल्या शेवंडीची गोड्या पाण्यातली बोटभर बहीण. शिवाय बारके मासे, आणि दगडांखाली दोन-तीन वर्षं काढणारी डॉब्सनफ्लायची काळी, चावरी अळी. या अळीची नक्कल करायला लँकेस्टरच्या रसेल ब्लेसिंग यांनी 1967 मध्ये वूली बगर बांधली. टर्कीच्या मऊ पिसांची शेपूट, शेनीलच्या मऊ दोऱ्याचं अंग आणि त्यावर कोंबड्याच्या मानेचं पीस गुंडाळलेलं. ती अळीसारखी दिसते का? फारशी नाही. पाण्यात मात्र तिची शेपूट थांबतच नाही. आज ट्राउटवाल्यांच्याही पेट्यांत ती असतेच, पण जन्माने ती बासची आहे.

क्लाउझरही याच परिसरातली. बॉब क्लाउझर हे हॅरिसबर्गच्या खालच्या अंगाला मिडलटाउनला फ्लायचं दुकान चालवत आणि लोकांना नदीवर मासेमारीला नेत. 1980 च्या दशकात शिशाचे डंबेल डोळे बाजारात आले आणि त्यांनी ते गळाच्या दांडीवर वरच्या बाजूने बांधून पाहिले. वजन वर असलं की पाण्यात पडताच फ्लाय उलटते. गळाचं टोक आभाळाकडे होतं, आणि खडकाच्या पट्टीवरून ओढताना ते अडकत नाही. दुसरा फायदा याहून मोठा. ओढ थांबली की ती डोक्यावर खाली झेपावते. बारका मासा जिवाच्या भीतीने तळाकडे सुटतो तो असाच. मासेमारीवर लिहिणारे मेरीलँडचे लेफ्टी क्रे यांनी तिचं ‘क्लाउझर डीप मिनो’ असं बारसं केलं आणि 1989 मध्ये ‘फ्लाय फिशरमन’ मासिकात तिच्यावर लिहिलं. मग ती समुद्रापर्यंत पोचली.

बांधायची रीत वाचायला सोपी आहे. गळ व्हाइसमध्ये, म्हणजे टेबलावरच्या छोट्या शिकंजात, पकडायचा. नेढ्याच्या मागे दांडीचा साधारण तिसरा भाग सोडून डोळे ठेवायचे आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखे तिरपे वेढे घालून आवळायचे. मग डोळ्यांखालून, दांडीच्या वरून आडवे वेढे. त्यांनी आधीचे वेढे घट्ट ओढले जातात. एक थेंब गोंद. इथे आळस केला तर चार-पाच माशांनंतर डोळे दांडीभोवती फिरू लागतात, फ्लाय कुशीवर पोहायला लागते आणि तिचा उपयोग संपतो. यानंतर पांढऱ्या केसांची बट डोळ्यांच्या पुढे बांधायची, डोळ्यांमधल्या खाचेतून मागे न्यायची आणि मागेही बांधायची. गळ व्हाइसमध्ये उलटा करायचा. चकाकत्या तंतूंचे पाच-सहा धागे आणि त्यांच्यावर रंगीत केसांची दुसरी बट. ही मात्र फक्त डोळ्यांच्या पुढे बांधायची; मागे मोकळी सोडली तरच ती श्वास घेते.

खरी परीक्षा केस निवडताना असते. ते पांढऱ्या शेपटीच्या हरणाचे. याच रानात त्याची शिकार होते, त्यामुळे शेपट्यांना तोटा नाही. शेपटीच्या बुडाकडचे केस जाडसर आणि पोकळ असतात. दोरा आवळताच ते फुलून उभे राहतात आणि फ्लायचा झाडू होतो. टोकाकडचे दोन तृतीयांश केस भरीव, सरळ, दोऱ्याखाली शांत बसणारे. क्लाउझरला तेच लागतात. कापलेली बट बुडाशी धरून बोटांनी विंचरायची, आखूड केस आणि लव झटकून टाकायची. टोकं मात्र ठोकून एका रेषेत आणायची नाहीत. थोडी मागेपुढे असली तरच शेपूट निमुळती होते.

आणि मग त्यातले अर्धे केस काढून टाकायचे. हिवाळ्यात मी एका निवृत्त वेल्डरच्या तळघरात बांधायला बसतो. ते माझ्या हातातली बट बघतात आणि दर वेळी एकच सांगतात, “अजून काढ.” त्यांच्या क्लाउझरमधून पलीकडचा दिवा दिसतो. हातात घेतली तर ती दरिद्री वाटते, पैसे देऊन कोणी घेणार नाही. पण जाड बटेत पाणी अडतं, हवा अडकते, आणि शिशाचं वजन असूनही ती छत्री उघडल्यागत रेंगाळत बुडते. म्हणजे जे वजन विचार करून निवडलं ते केसांनी फुकट घालवलं. दुकानातल्या बहुतेक क्लाउझर मला याच कारणाने आवडत नाहीत. त्या पाकिटात भरीव दिसाव्यात म्हणून बांधलेल्या असतात.

क्रेफिशच्या फ्लायमध्ये हाच रोग वेगळ्या रूपात दिसतो. बांधणारे हौसेने दोन मोठ्या नांग्या लावतात, मिशा लावतात, पाठीवर कवचाच्या वळ्या काढतात. टेबलावर अगदी जिवंत. नदीत मात्र रुंद नांग्या पंख्यासारख्या फिरतात आणि दोरीला पीळ पाडतात. शिवाय मोठ्या नांग्यांचा क्रेफिश बासलाही नकोच असतो. तो लहान, कमी त्रासाचे क्रेफिश निवडून खातो. पळणारा क्रेफिश शेपटीच्या झटक्याने मागे जातो, नांग्या मिटून मागे फरफटत येतात. म्हणून माझ्या फ्लायमध्ये नांग्यांच्या जागी कोल्ह्याच्या केसांचे दोन आखूड झुबके असतात, गळाच्या वाकाशी. रंग गंजाचा किंवा शेवाळी. ओहायोकडून आलेला तांबूस क्रेफिश आता या नदीत फार झाला आहे, त्यामुळे गंजाचा रंग बरा चालतो.

कुठली फ्लाय न्यायची, ही निवड घरूनच सुरू होते. हॅरिसबर्गच्या मापकावर पातळी साडेतीन फुटांच्या आसपास असली तर पाणी स्वच्छ आणि उतरलेलं. तेव्हा सगळ्यात हलके डोळे आणि सगळ्यात विरळ केस. पाऊस होऊन नदी चहाच्या रंगाची झाली की वजनदार, काळी किंवा पोपटी. ऑक्टोबरच्या शेवटी पाणी गारठतं आणि मासा आळसावतो. मग मोठी फ्लाय, पण सावकाश. वजन वाढलं की फेकण्याची पद्धतही बदलावी लागते. शिशाचे डोळे परतताना काठीच्या ग्रॅफाइटवर आपटले तर काठी पुढे कधीतरी त्याच जागी मोडते. म्हणून दोरीचा फास रुंद ठेवायचा. दिसायला गबाळं, पण काठी टिकते. फ्लाय पडली की दोन ओढी, मग थांबणं. बहुतेक घास या थांबण्यात, बुडताना येतो, आणि हाताला काहीच कळत नाही. दोरीचं टोक किंचित बाजूला सरकलेलं दिसतं, एवढंच.

पकडलेला मासा परत सोडायचा. 2005 च्या सुमारास इथली बासची पिल्लं रोगाने मरू लागली, आणि पुढे राज्याने नदीच्या या पट्ट्यात बास लगेच सोडण्याचा नियम केला. मी गळाचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून टाकतो. रत्नागिरीच्या मामीला हे फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, “मग एवढे केस बांधत बसता कशाला?” या प्रश्नाला माझ्याकडे तिला पटेल असं उत्तर नाही.

जुलैच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंत संध्याकाळी हा सगळा हिशोब उलटतो. पांढऱ्या मेफ्लाय, म्हणजे खरेखुरे किडे, पाण्यातून थव्यांनी वर येतात, काही तासांत जुगतात, अंडी टाकतात आणि मरतात. या नदीवर मेफ्लायचे असे लोंढे किती दाट असू शकतात? 2015 च्या जूनमध्ये कोलंबिया आणि राइट्सव्हिल या गावांमधल्या पुलावर त्यांचा एवढा थर साचला की मोटारसायकली घसरल्या आणि पूल बंद करावा लागला. पांढऱ्यांच्या त्या गर्दीत बास पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत राहतो. अशा वेळी क्लाउझर कोणी विचारत नाही. तरंगणारी पांढरी फ्लाय टाकावी तर ती हजारांतली एक. मी एक लहान पांढरी वूली बगर पाण्याच्या जरा खालून, थव्याच्या कडेने ओढतो. तिला शिसं अजिबात नाही. ती लीडरला, म्हणजे दोरीच्या टोकाच्या बारीक दोऱ्याला, घरूनच बांधून नेतो, कारण त्या अंधारात नेढ्यातून दोरा ओवत बसलं तर थवा संपून जातो.