पक्का रंग तोडणारी भुकटी

सांडपाणी उन्हाने साफ करण्याच्या संशोधनावर लिहा, असं संपादकांनी सांगितलं तेव्हा आधी माटुंग्याची आयसीटी, म्हणजे इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी, आठवली. परळ-लालबागच्या गिरण्या धडधडत होत्या त्या काळात, १९३३ साली, मुंबई विद्यापीठाने ती आपला रसायन तंत्रज्ञान विभाग म्हणून काढली. कापड रसायन हा तिच्या पहिल्या विषयांपैकी एक. पुढे संचालक झालेले के. व्यंकटरामन कृत्रिम रंगांचे जगप्रसिद्ध अभ्यासक होते. रंग धुण्याने जाऊ नये, उन्हात विटू नये, हे शास्त्र इथे पिढ्यान् पिढ्या शिकवलं गेलं. जुने विद्यार्थी अजूनही तिला विभागाच्या जुन्या नावाने ‘यूडीसीटी’च म्हणतात.

याच संस्थेतले प्रा. विश्वास पांगारकर आणि त्यांचे सहकारी पुढे उलट्या प्रश्नाकडे वळले: पाण्यात गेलेली चिवट रसायनं तोडायची कशी? भातखंडे, पांगारकर आणि नेदरलँड्सचे बीनाकर्स यांनी २००२ साली प्रकाश-उत्प्रेरणाचा, म्हणजे प्रकाशाच्या जोरावर रसायनं तोडण्याच्या पद्धतीचा, मोठा आढावा प्रसिद्ध केला. एकवटलेल्या उन्हात नायट्रोबेंझिन तोडण्याचे प्रयोगही इथे झाले. पण मला खिळवून ठेवलं ते या सगळ्यामागच्या पांढऱ्या भुकटीने.

ती म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड, भिंतीच्या रंगात असतो तोच. प्रयोगशाळांत ‘पी-२५’ नावाची भुकटी वापरतात. तिचे कण सुमारे २१ नॅनोमीटरचे, म्हणून एका ग्रॅमचा पृष्ठभाग जवळपास ५० चौरस मीटर भरतो: बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या तीन खोल्यांहून जास्त. कणावर अतिनील किरण पडला की एक इलेक्ट्रॉन उसळतो आणि मागे पोकळी राहते. पोकळी पाण्याकडून इलेक्ट्रॉन ओढून घेते आणि हायड्रॉक्सिल मूलक जन्मतो. तो समोर येईल त्या सेंद्रिय रेणूचा लचका तोडतो. शेवटी उरावं ते पाणी, कार्बन डायऑक्साइड आणि थोडे क्षार. भुकटी मात्र खर्ची पडत नाही. जपानच्या फुजिशिमा आणि होंडा यांनी १९७२ साली या पदार्थावर प्रकाश टाकून पाण्याचं विघटन दाखवलं, तिथून ही वाट रुंद झाली.

अडचण त्या इलेक्ट्रॉनपासूनच सुरू होते. बहुतेक वेळा तो आपल्या पोकळीत परत पडतो आणि मिळालेली ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. पाण्यात हवा सोडत राहिलं तर प्राणवायू काही इलेक्ट्रॉन पकडतो, पण थोडेच. शिवाय उन्हात उपयोगी अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के, आणि पावसाळ्यात चार महिने तोही ढगांमागे. दिवे लावले तर विजेचं बिल आलं.

मग खुद्द सांडपाणी. सुती कापडाच्या रिॲक्टिव्ह रंगाईत रंग धाग्यावर चढावा म्हणून भरपूर मीठ घालतात, आणि तो धाग्याशी जोडला जावा म्हणून धुण्याचा सोडा. रंग पक्का करणारे हेच दोन पदार्थ नाल्यात उतरतात. सोड्यातला कार्बोनेट मूलकाला आधीच गिळतो, मिठातला क्लोराइड कणाच्या पृष्ठभागावर जागा अडवतो. शुद्ध पाण्यात एकच रंग विरघळवून केलेल्या प्रयोगात हे दिसत नाही. गडद पाण्यात किरण आत शिरतच नाहीत. आणि इतकी बारीक भुकटी पाण्यातून परत काढायची कशी? काचेवर चिकटवली तर पृष्ठभाग घटतो, वेग पडतो.

मला सगळ्यात मोठी काळजी वाटते ती रंग उडण्याची. अझो रंगात दोन नायट्रोजनांचा बंध तुटला की पाणी पारदर्शक दिसतं. पण रेणूचे तुकडे तसेच असतात आणि त्यांतले काही मूळ रंगापेक्षा विषारी ठरू शकतात. आता गिरण्यांच्या जागी टॉवर आहेत आणि रंगाई भिवंडी-तारापूरकडे सरकली आहे. तिथे ही पद्धत न्यायची तर सांडपाण्यातलं पचेल तितकं आधी जिवाणूंनी पचवल्यानंतर, उरलेल्या चिवट अंशासाठीच न्यावी, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यातला एकूण सेंद्रिय कार्बन मोजल्याशिवाय ते नदीत सोडू नये.