सुदुंबऱ्यात स्थानिक संग्रहालय का हवं?

बंदराच्या गावाचा इतिहास बंदरातच संपत नाही, तो घाटावरच्या गावांपर्यंत पोचतो. ठाणे हे खाडीकाठचं जुनं बंदर. तिथे 1893 साली मराठी ग्रंथसंग्रहालय उभं राहिलं. त्याच्या संस्थापकांपैकी एक वि. ल. भावे यांनी पुढे 1919 मध्ये तुकोबांच्या अभंगांचा ‘अस्सल गाथा’ छापला, तो संताजी जगनाडे यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वह्यांच्या आधारे. त्या संताजींची समाधी आहे मावळातल्या सुदुंबऱ्यात! म्हणजे वारसा मावळचा, पण त्याचा अभ्यास छापून आला तो खाडीकाठी. म्हणूनच सुदुंबऱ्यात एक छोटं संग्रहालय हवं.

कुणी म्हणेल, समाधी भक्तीसाठी आहे, तिथे काचेची कपाटं कशाला? मान्य. पण चाकणच्या तेली कुटुंबातला हा माणूस तुकोबांचे अभंग लिहून घेत होता, ही नुसती भक्तीची नाही, साक्षरतेच्या आणि कारागीर समाजाच्या इतिहासाचीही गोष्ट आहे. वह्या त्यांच्याच हातच्या की नंतरच्या नकला, हा वादही लोकांसमोर मांडायला हवा. वाद दडवल्याने श्रद्धा वाढत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. त्यालाही उत्तर आहे: मूळ वह्या आणायची गरजच नाही. पानांच्या छायाप्रती, एक तेलघाणा, मोडी-बाळबोध अक्षरांचे नमुने आणि देहू-चाकण परिसराचा नकाशा एका खोलीत मावतो. देहूला जाणाऱ्यांनो, सुदुंबरंही बघा, आणि ग्रामस्थांनो, एवढी एक खोली उभी कराच.