निर्दुग्ध शाकाहार : शेतांतील जमा आणि एक बाकी

आपल्या मंडळाच्या दोन वर्षांपूर्वींच्या वार्षिक मेळाव्यांत आम्ही आहाराविषयीं चार शब्द बोललों होतों. ज्याच्या घरांत ज्वारीची कणगी, तुरीचें पोतें आणि परसांत शेवगा आहे, त्यास आरोग्यासाठीं बाहेरून कवडीचीही वस्तु आणावी लागत नाहीं, असें त्या वेळीं आम्हीं छातीठोकपणें सांगितलें. त्या विधानांत पंधरा आणे सत्य होतें. परंतु उरलेला एक आणा चुकीचा होता, आणि त्या एका आण्याचा दंड आम्हांस स्वतःच्या शरीरानें भरावा लागला. आमचें तें बोलणें ऐकून ज्या बंधूंनीं दूधदुभतें सोडलें असेल, त्यांच्याकरितां ही दुरुस्ती लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें. तीस वर्षें महसुलाच्या दप्तरांत खाडाखोड न करतां चूक कशी दुरुस्त करावी हेंच आम्ही शिकलों. चुकीची नोंद लपवूं नये, तिच्याखालीं नवी नोंद घ्यावी, हा तेथील नियम येथेंही लागू आहे.

प्रथम विषय कोणता तें सांगतों. मांस, मासे व अंडीं यांच्या जोडीनें दूध, दहीं, ताक, तूप आणि मध हेंही वर्ज्य करून केवळ वनस्पतिजन्य पदार्थांवर राहणें, यास आम्ही निर्दुग्ध शाकाहार म्हणतों. इंग्लंडांत १९४४ सालीं डोनल्ड वॉटसन व त्यांचे सोबती यांनीं यास ‘व्हीगन’ हें नांव दिलें व त्याच नांवाची संस्था काढिली. आतां हा शब्द आपल्या तालुक्याच्या गांवींही ऐकूं येतो.

आम्ही या मार्गास लागलों तें मात्र कोणाचें पुस्तक वाचून नव्हे. आमच्या दावणीस शेवटची म्हैस होती. ती व्याली, टोणगा झाला. दूध मापून डेअरीस घालण्याच्या घाईंत त्या रेडकाच्या वाट्यास दोन सडांचें उरलेंसुरलें येई, आणि तें महिन्याच्या आंत गेलें. त्या दिवसापासून आमच्या कुटुंबानें चहांत दूध घालणें बंद केलें. मागोमाग आम्हींही केलें. ज्यांचा संसार दुधाच्या पगारावर चालतो, त्यांस आम्ही गोठा मोडा असें सांगत नाहीं. प्रत्येकानें आपली स्थिति पाहून ठरवावें. परंतु ज्यांस कोणत्याही कारणानें दूध चालत नाहीं, किंवा ज्यांच्या घरचें सर्व दूध विकलेंच जातें, त्यांस पुढील हिशेब उपयोगीं पडेल.

जमेची बाजू

मनुष्यास मांसधातु बांधण्यासाठीं प्रथिन लागतें. केवळ धान्य व कडधान्य खाणारानें दर किलो वजनामागें सुमारें १ ग्रॅम प्रथिन धरावें, म्हणजे ६० किलो वजनाच्या मनुष्यास रोज ६० ग्रॅम. हें कोठून यावयाचें? ज्वारी, बाजरी, गहूं यांत शेंकडा दहा-अकरा, डाळी व कडधान्यें यांत शेंकडा वीस ते चोवीस, आणि भुईमुगाच्या दाण्यांत शेंकडा तेवीस-चोवीस इतकें प्रथिन असतें. परंतु नुसता आंकडा पाहून भागत नाहीं. धान्याच्या प्रथिनांत लायसीन नांवाचा घटक कमी असतो, तो डाळींत भरपूर असतो. डाळींत मेथिओनीन कमी असतें, तें धान्यांत व विशेषतः तिळांत चांगलें असतें. म्हणून भाकरी-आमटी, खिचडी, भाकरीबरोबर उसळ, ही आपल्या वाडवडिलांची जोडी शास्त्रास धरूनच आहे. दोहोंपैकीं एक बैल लंगडा असतां जशी पाभर चालत नाहीं, तसेंच हें समजावें.

दूध सोडणारास दुसरी धास्ती चुन्याची, म्हणजे कॅल्शियमची असते. म्हशीच्या किंवा गाईच्या १०० ग्रॅम दुधांत सुमारें १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतें. तेवढ्याच नाचणींत तें सुमारें ३५० मिलिग्रॅम, शेवग्याच्या पाल्यांत ३०० चे आसपास, आणि तिळांत तर एक हजाराहून अधिक असतें. अर्थात् १०० ग्रॅम तीळ कोणी एका दिवसांत खात नाहीं, आणि तिळांतील सर्वच चुना अंगीं लागतो असेंही नाहीं. तरी रोज नाचणी, शेवगा आणि चमचा-दोन चमचे तिळाची चटणी पोटांत गेल्यास दुधाची उणीव बरीच भरून निघते. पालकावर मात्र या कामीं विसंबूं नये. त्यांतील ऑक्झॅलिक आम्ल चुन्यास बांधून ठेवतें.

लोहाची गोष्ट थोडी निराळी आहे. बाजरी, कडधान्यें व हिरवा पाला यांत लोह आहे. परंतु वनस्पतींतील लोह शरीर जपून जपूनच घेतें. त्यास मदत करणारी वस्तु म्हणजे लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व. आणि आडवी येणारी वस्तु म्हणजे चहा. जेवण होतांच चहाचा कप पुढें करण्याची जी रीत पडली आहे, ती बाजरीच्या भाकरींतील लोहाचा बराच भाग वायां घालविते. जेवण व चहा यांत निदान तासाचें अंतर ठेवावें, आणि उसळीवर लिंबू पिळण्यास विसरूं नये. कडधान्य भिजवून मोड आणल्यानें, तसेंच पीठ आंबविल्यानें, लोहास अडवून धरणारें फायटिक आम्ल कमी होतें. आजीबाई आंबील रात्रीं कां भिजवीत, याचें उत्तर यांत आहे.

न्याहारी

आमच्या मतें घराचें आरोग्य प्रथम बिघडतें तें न्याहारीस. आपण पिकविलेली ज्वारी बाजारांत जाते आणि तिच्या पैशानें खारी, टोस्ट आणि बिस्किटांचे पुडे घरीं येतात. त्यांत मैदा, साखर व स्वस्त तेल यांवांचून फारसें कांहीं नसतें. पोरें तीं चहांत बुडवून खातात आणि दहाच्या आंत पुन्हां भुकेलीं होतात. भाव कोणता मिळाला याची चौकशी आपण करतों. परंतु देऊन काय घेतलें, याची करीत नाहीं.

त्याऐवजीं पुढील तीन न्याहाऱ्या आळीपाळीनें कराव्या.

पहिली, भाजणीचें थालीपीठ. चार वाट्या ज्वारी, दोन वाट्या बाजरी, एक वाटी तांदूळ, दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडीद आणि अर्धी वाटी धने, हें सर्व निरनिराळें मंद आंचेवर भाजून एकत्र दळावें. एकदम भाजल्यास तांदूळ कच्चे राहतात व धने जळतात. हें पीठ पंधरा दिवस सहज टिकतें. सकाळीं त्यांत कांदा, कोथिंबीर किंवा शेवग्याचा पाला, तीळ, तिखट-मीठ घालून कोमट पाण्यानें भिजवावें व तव्यावर थापून झांकणाखालीं भाजावें. लोण्याचा गोळा नसला तरी शेंगदाण्याच्या ओल्या चटणीनें तें उत्तम लागतें.

दुसरी, नाचणीची आंबील. रात्रीं चार चमचे पीठ दोन वाट्या पाण्यांत कालवून झांकून ठेवावें. सकाळीं तें किंचित् आंबट होतें. उकळत्या पाण्यांत तें ओतून सारखें ढवळीत शिजवावें, मीठ, जिरें व ठेंचलेला लसूण घालावा. ताकाची गरज पडत नाहीं, कारण आंबटपणा पिठांतच आलेला असतो.

तिसरी, मोड आलेल्या मटकीची किंवा हुलग्याची उसळ आणि रात्रीची शिळी भाकरी. औताच्या दिवसांत याहून दमदार न्याहारी आम्हांस ठाऊक नाहीं.

शेंगदाणे व तीळ घेतांना मात्र बुरशी लागलेले, काळपट व कडवट दाणे निवडून टाकावे. त्यांतील अफ्लाटॉक्सिन हें विष यकृतास घातक आहे आणि तें भाजल्यानें पुरतें जात नाहीं. विक्रीस न चालणारे दाणे घरीं खाण्यास ठेवण्याची चाल अगदीं सोडावी.

दिवसाचा ताळेबंद

आतां ६० किलोच्या मनुष्याचा एक दिवस मांडूं. सकाळीं भाजणी ८० ग्रॅम, प्रथिन ११. दुपारीं ज्वारीच्या पिठाच्या भाकरी १२० ग्रॅम, प्रथिन १२. मटकी, कोरडी तोललेली, ४० ग्रॅम, प्रथिन ८. रात्रीं बाजरी १०० ग्रॅम, प्रथिन ११. तुरीची डाळ ४० ग्रॅम, प्रथिन ९. दिवसभरांत शेंगदाणे ३० ग्रॅम, प्रथिन ७. तीळ १० ग्रॅम, प्रथिन २. एकूण ६०. यावर भाजी, पाला, एखादें फळ, आणि जवसाची चटणी असावी. जवसांतील तेल हृदयास हितकर आहे. मीठ आयोडीनयुक्त घ्यावें. कष्ट अधिक असल्यास भाकरी वाढवावी. यांतील मीठ व मसाला सोडल्यास बहुतेक सर्व आपल्याच शिवारांत पिकतें. संयुक्त राष्ट्रसंघानें भारताच्या सूचनेवरून २०२३ हें वर्ष भरडधान्यांचें वर्ष म्हणून पाळलें. जगास ज्या धान्याची थोरवी सांगितली, तें पिकविणाराच्या ताटांतून निघून जावें, ही शोभणारी गोष्ट नव्हे.

बाकी

येथपर्यंत आमचें मेळाव्यांतील भाषण बरोबर होतें. आतां उरलेला आणा.

दूध सोडून साडेतीन वर्षें झालीं असतां आमच्या पायांच्या बोटांस मुंग्या येऊं लागल्या. पुढें अंधारांत चालतांना पाय कोठें पडतो तें कळेना, आणि जीभ लाल व गुळगुळीत झाली. आम्ही वय म्हणून दुर्लक्ष केलें, पालेभाजी वाढविली, अंगणांतील उन्हांत बसलों. सहा महिने असे गेले. शेवटीं तालुक्याच्या डॉक्टरांनीं रक्त तपासविलें, तेव्हां ब-१२ हें जीवनसत्त्व अगदीं तळास गेलेलें निघालें.

हें जीवनसत्त्व रक्त बनविण्यास व मज्जातंतूंचें आवरण राखण्यास लागतें. तें कोणतीही वनस्पति तयार करीत नाहीं. केवळ सूक्ष्म जंतु तयार करतात. गाईम्हशी चारा खातात, त्या चाऱ्यांतील कोबाल्ट घेऊन त्यांच्या पोटांतील जंतु ब-१२ बनवितात, आणि तेंच दुधांतून आपणांस मिळतें. दूध सोडतांच ही आवक थांबते. परंतु आपल्या यकृतांत जुना सांठा असतो व रोजची गरज अवघी दोन-अडीच मायक्रोग्रॅम असल्यामुळें तो कित्येक वर्षें पुरतो. म्हणूनच मनुष्य फसतो. विहिरीस झरा नसला तरी सांठलेल्या पाण्यावर मोट चालते, आणि झरा आहे असें वाटत राहतें.

आणखी एक फसगत अशी कीं, पालेभाजींतील फोलिक आम्ल रक्ताची बाजू कांहीं काळ सांवरून धरतें. चेहरा फिकट दिसत नाहीं, पण आंतून मज्जातंतु झिजतच असतात. आम्हीं पाला वाढविला तो असा उपयोगास आला. आंबील, इडली, मोड आलेलें कडधान्य, स्पायरुलिना यांतून ब-१२ मिळतें असें कोणी सांगितल्यास त्यावर विश्वासूं नये. त्यांचा या कामीं भरंवसा नाहीं.

हें जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपांत वेगळें काढलें गेलें तें १९४८ सालीं. म्हणजे १९४४ सालीं ज्यांनीं हा आहार आरंभिला, त्यांस ही बाकी ठाऊक असणें शक्यच नव्हतें. आम्हांस तसें म्हणतां येत नाहीं. आम्हीं विचारलें नाहीं, इतकेंच.

उपाय सोपा व स्वस्त आहे. जंतूंच्या आंबवणींतून तयार केलेलें ब-१२ गोळीच्या रूपानें मिळतें. त्यांत दूध-मांस येत नाहीं. जो कोणी दूध पूर्ण सोडील त्यानें त्याच दिवसापासून तें घ्यावें, प्रमाण डॉक्टरांस विचारावें, आणि वर्षांतून एकदां रक्त तपासून घ्यावें. मधुमेहासाठीं मेटफॉर्मिनची गोळी चालूं असणारांनीं तर विशेष जपावें, कारण तीही ब-१२ चें शोषण कमी करते. गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांच्या बाबतींत हयगय अक्षम्य आहे. आईच्या उणिवेचा परिणाम तान्ह्याच्या मेंदूवर होतो. आमच्या सूनबाईंनीं आमचें न ऐकतां दूध चालूं ठेविलें होतें. त्याबद्दल त्या वेळीं आम्ही त्यांस बोललों, आतां त्यांचे उपकार मानतों.

सुया व गोळ्या यांनीं आमची जीभ बरी झाली, चाल सुधारली. डाव्या पायाचीं दोन बोटें मात्र अजून बधिर आहेत, आणि तीं तशींच राहतील असें डॉक्टर म्हणतात. आमचा आहार आम्हीं बदललेला नाहीं. सकाळीं थालीपीठ, त्यानंतर ती लहानशी गोळी. मेळाव्यास हजर असलेल्या ज्या बंधूंच्या हातीं हा अंक जाणार नाहीं, त्यांस वाचकांनीं कृपा करून हा शेवटचा भाग तोंडीं सांगावा, एवढीच विनंती.