ग्लुटेन चालत नसेल तर चीज कसं निवडायचं?

व्याख्यान सुरू होण्याआधी बाहेर एका काकूंनी मला विचारलं, ‘अहो, चीज तर दुधाचं. त्यात गहू येतोच कुठून?’ प्रश्न अगदी रास्त आहे. आजचा पुढचा सगळा वेळ आपण याच एका प्रश्नाचं उत्तर शोधणार आहोत.

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. काही वर्षांपूर्वी एक नऊ वर्षांची मुलगी आईबरोबर माझ्याकडे आली. सिलिअ‍ॅकचं निदान होऊन वर्ष उलटलं होतं. घरात तिच्यासाठी पोळी बंद, बिस्किटं बंद, रवा बंद. ज्वारीची भाकरी, भात, नाचणी, सगळं नीट चाललेलं. तरी रक्तातल्या अँटिबॉडी हव्या तितक्या उतरत नव्हत्या आणि वजन जागचं हलत नव्हतं. आई म्हणाली, ‘ती गव्हाला हातसुद्धा लावत नाही. आवडीचं म्हणून फक्त चीज खाते, आणि ते तर दुधाचंच ना?’ त्या मुलीच्या चीजपाशी आपण शेवटी परत येऊ.

थोडं म्हणजे किती?

ग्लुटेन हे गहू, बार्ली म्हणजे सातू, आणि राय या धान्यांमधलं प्रथिन. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. राय म्हणजे आपली फोडणीतली राई नव्हे. मोहरी निर्धास्त खा. राय हे गव्हाच्या कुळातलं, थंड देशांत पिकणारं धान्य आहे.

सिलिअ‍ॅक असलेल्या माणसाच्या शरीरात हे प्रथिन गेलं की रोगप्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते. त्या अस्तरावर मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात, त्यांना व्हिलाय म्हणतात. अन्नातलं पोषण तिथून शोषलं जातं. ते झिजून सपाट झाले की माणूस पोटभर जेवूनही उपाशी राहतो. लोह कमी पडतं, हाडं ठिसूळ होतात, मुलांची वाढ खुंटते.

आता प्रमाण बघू. पावाच्या एका स्लाइसमध्ये साधारण २ ग्रॅम, म्हणजे २००० मिलिग्रॅम ग्लुटेन असतं. इटलीत झालेला एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं, की रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन तीन महिने पोटात गेलं तरी आतड्याला इजा होते. दिवसाला १० मिलिग्रॅमच्या आत राहिलं तर बहुतेकांना चालतं, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. बहुतेकांना, सगळ्यांना नव्हे. १० मिलिग्रॅम म्हणजे त्या स्लाइसचा दोनशेवा भाग.

आपल्याकडे अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं असेल तर एक किलो पदार्थात २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. युरोप-अमेरिकेतही हीच मर्यादा आहे. समजा, एखादं चीज अगदी या मर्यादेवर आहे. त्याचा २० ग्रॅमचा तुकडा खाल्लात तर पोटात ०.४ मिलिग्रॅम ग्लुटेन जाईल. हा आकडा ध्यानात ठेवा, आपल्याला तो पुढे लागणार आहे.

चीज मुळात काय असतं?

दूध, विरजण, रेनेट आणि मीठ. बस्स. विरजणातले जीवाणू दूध आंबट करतात, रेनेट ते घट्ट करतं, निवळी काढून टाकतात आणि उरलेला गोळा दाबून मुरवत ठेवतात. चेडर, गौडा, पार्मेझान, मोझरेला, या कुणाच्याच मूळ कृतीत धान्य नाही. म्हणजे काकूंचं म्हणणं बरोबर आहे. दुधापासून चीज बनेपर्यंत गहू कुठेच येत नाही. येतो तो चीज बनल्यानंतर. म्हणून मी सगळ्यांना एकच सूत्र सांगते: चीज मूळ लादीपासून जितकं दूर गेलं, तितके प्रश्न जास्त विचारा.

पहिली पायरी, साधी लादी. घटक पदार्थांत दूध, मीठ, कल्चर, एन्झाइम एवढंच लिहिलेलं. सगळ्यात भरवशाचं हेच.

दुसरी पायरी, प्रोसेस्ड चीज. आपल्याकडचे बहुतेक क्यूब आणि स्लाइस याच प्रकारचे. मूळ चीज वितळवून त्यात इमल्सिफायर क्षार घालतात. पाकिटावर आयएनएस ३३१, ३३९, ४५२ असे आकडे दिसतात, ते सायट्रेट आणि फॉस्फेट. आकडे बघून घाबरू नका, त्यांत गहू नाही. आयएनएस १६०बी हा रंग, २०० आणि २३४ हे टिकवण्यासाठी. यांचाही ग्लुटेनशी संबंध नाही. काही स्वस्त स्लाइसमध्ये मात्र स्टार्च असतो. तो कशाचा, ते वाचायचं.

तिसरी पायरी, किसलेलं चीज. कीस एकमेकाला चिकटू नये म्हणून त्यावर बारीक पूड भुरभुरवतात. बहुधा ती सेल्युलोजची, म्हणजे आयएनएस ४६० असते, नाहीतर बटाट्याच्या किंवा मक्याच्या स्टार्चची. ही तिन्ही चालतात. गव्हाची पूड क्वचितच वापरतात, पण लादी घरी किसली तर हा प्रश्नच उरत नाही.

चौथी पायरी, स्प्रेड, डिप, चीज सॉस. इथे सावध व्हा. दाटपणासाठी मैदा सहज वापरला जातो. हॉटेलातला व्हाइट सॉस तर लोण्यावर मैदा परतूनच सुरू होतो. पाकिटावर आयएनएस १४२२ किंवा १४४२ असं दिसलं तर ते सुधारित स्टार्च. तो बहुधा मक्याचा असतो, पण गव्हाचाही असू शकतो.

पाचवी पायरी, मसाला घातलेलं चीज. इथे आपला एक घरचाच चोर आहे. हिंग! बाजारातला बांधणी हिंग म्हणजे नुसता हिंग नव्हे. त्यात डिंक असतो आणि पुष्कळदा गव्हाचं पीठ. मसाला चीजच्या घटकांत हिंग दिसला तर तो कुठला हे कंपनीला विचारा. आणि घरी गेल्यावर फोडणीच्या डब्यातली हिंगाची डबीही एकदा वाचा.

दुधाऐवजी तेल आणि स्टार्च वापरून केलेली ‘चीजसारखी’ उत्पादनंही याच गटात धरा. चीज म्हटलं की चाललं, हा नियम त्यांना लावू नका.

ब्लू चीज आणि बिअर

फ्रान्सच्या रोकफोर चीजची नेहमी भीती वाटते, कारण त्यातली निळी बुरशी पारंपरिक पद्धतीत रायच्या पावावर वाढवतात. मात्र चीजमध्ये जातो तो पाव नव्हे, बुरशीचे बीजाणू जातात, आणि तेही अगदी थोडे. कॅनडात ब्लू चीजचे नमुने तपासले तेव्हा मोजता येण्याइतकं ग्लुटेन त्यांत सापडलं नाही. शिवाय आता ही बुरशी बऱ्याच ठिकाणी पावाशिवायच वाढवतात. तरीही ज्यांना फार थोड्यानेही त्रास होतो त्यांनी उत्पादकाला विचारून खावं, किंवा सोडून द्यावं. चीजच्या दुनियेत पर्याय कमी नाहीत.

बिअरने धुतलेली किंवा बिअर मिसळलेली चीज मात्र टाळाच. बिअर बार्लीची, आणि काही चीजमध्ये ती आतवर मुरलेली असते.

पाकीट कसं वाचायचं?

आपल्याकडे गहू, राय, बार्ली, ओट्स यांतलं काही घटकांत असेल तर ते ‘कंटेन्स’ म्हणून वेगळं लिहावं लागतं. आधी ती ओळ वाचा, मग घटक पदार्थ वाचा. हिरवा ठिपका ग्लुटेनबद्दल काहीही सांगत नाही. तो फक्त शाकाहाराचा.

ज्यांची मुलं अमेरिकेत आहेत त्यांनी हे सांगून ठेवा: तिथल्या कायद्यात गहू जाहीर करणं बंधनकारक आहे, बार्ली नाही. म्हणून ‘माल्ट’ हा शब्द शोधायचा. युरोपात आणि ब्रिटनमध्ये तिन्ही धान्यं घटकांच्या यादीत ठळक करून लिहावी लागतात.

पनीरचं काय?

घरी दूध फाडून केलेलं पनीर सगळ्यात उत्तम. सुट्या पनीरमध्ये वजन वाढवायला स्टार्च मिसळलेला असू शकतो. थोडं पनीर पाण्यात उकळा, गार करा आणि आयोडिनचे दोन-तीन थेंब टाका. निळं झालं तर स्टार्च आहे. तपासलेला तुकडा खायचा नाही, टाकून द्यायचा. पण ही परीक्षा काय सांगते ते नीट समजून घ्या. आयोडिन स्टार्च ओळखतं, ग्लुटेन नाही. निळा रंग मैद्यामुळे आला की कॉर्नफ्लोअरमुळे, ते कळत नाही. आणि रंग आला नाही म्हणून पनीर कापणारी सुरी स्वच्छ होती असंही ठरत नाही. निळं झालं तर घेऊ नका, एवढाच त्याचा उपयोग.

हॉटेलात पनीर तळण्याआधी मैद्यात घोळवतात का, हे जरूर विचारा. आणि सँडविचवाल्याकडे बिनपावाचं चीज मागवलंत, तरी ज्या तव्यावर ते वितळतं तो तवा दिवसभर पावाचाच असतो.

पोटावर किती विश्वास ठेवायचा?

लोक म्हणतात, ‘मी खाऊन बघतो, त्रास झाला नाही तर चालेल.’ असं करू नका. सिलिअ‍ॅकमध्ये कित्येकांना काहीच त्रास जाणवत नाही आणि आतडं झिजत राहतं.

याच्या उलटही होतं. निदान नवीन असतं, तेव्हा दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं एन्झाइम कमी पडतं, कारण ते त्याच झिजलेल्या उंचवट्यांवर तयार होतं. अशा वेळी मऊ, ताजं चीज किंवा दूध घेतल्यावर पोट फुगतं आणि दोष ग्लुटेनवर जातो. मुरलेल्या कडक चीजमध्ये लॅक्टोज अगदी कमी असतं, ते बऱ्याचदा पचतं. आतडं भरून आलं की दूधही हळूहळू पचू लागतं. तेव्हा लक्षणांची वही ठेवा, पण निर्णय रक्ततपासणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या. आणि संशय असेल तर तपासणीच्या आधी गहू बंद करू नका, नाहीतर अहवाल फसवा येतो.

त्या मुलीचं चीज

मी आईला चीजचं पाकीट आणायला सांगितलं. प्रोसेस्ड चीज, घटक अगदी स्वच्छ. मग विचारलं, घरात हे चीज आणखी कोण खातं? दादा खातो, रोज सकाळी सँडविच करून. लादी एकच, सुरी एकच, किसणी एकच. पावावर लोणी लावलेली सुरी तशीच चीजमध्ये जात होती.

आता आपला आकडा आठवा. मर्यादेवरच्या चीजच्या तुकड्यातून येणार ०.४ मिलिग्रॅम. आणि पावाचा चुरा? ३० ग्रॅमच्या स्लाइसमध्ये २ ग्रॅम ग्लुटेन धरलं, तर अवघ्या १५० मिलिग्रॅम चुऱ्यातून १० मिलिग्रॅम ग्लुटेन पोटात जातं. दीडशे मिलिग्रॅम म्हणजे चमच्याच्या टोकावर मावेल एवढं! कंपनीने जे कसोशीने बाहेर ठेवलं होतं, ते आपल्याच ओट्यावर आत येत होतं.

आम्ही औषध बदललं नाही. चीजच्या दोन लाद्या केल्या. तिची लादी लाल झाकणाच्या डब्यात, फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, म्हणजे वरून चुरा पडायला नको. तिची सुरी वेगळी, किसणी नवी. किसणीच्या भोकांत अडकलेलं नुसतं विसळून जात नाही, म्हणून ती वेगळीच हवी. लोण्याचा आणि जॅमचा डबाही वेगळा. घरात पहिली भाजी-भाकरी तिची, मग पोळ्या. दादाला ओरडा मिळाला नाही बरं का, उलट लाल डब्याची राखण त्याच्याकडेच दिली. पुढच्या काही महिन्यांत अँटिबॉडी उतरू लागल्या आणि वजनाचा काटा हलला.

श्रोत्यांमधून एक प्रश्न: मग ‘ग्लुटेन-फ्री’ छापलेलं महाग चीजच घ्यावं का?

साध्या लादीसाठी त्याची गरज नाही. घटक चारच असतील आणि ‘मे कंटेन’च्या ओळीत गहू नसेल, तर नेहमीचं चीज घ्या. छाप बघायची ती किसलेल्या, मसालेदार, सॉसच्या प्रकारांवर. तिथे तिला खरी किंमत आहे. आणि वाचलेल्या पैशांत एक किसणी घ्या, त्या एका माणसाच्या नावाची.