विद्युतक्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र: प्रगामी व अप्रगामी तरंगांत

झाशीतल्या आमच्या वर्गात एक चुकीचं उत्तर दरवर्षी येतं: ‘विद्युतक्षेत्र शून्य झालं की चुंबकीय क्षेत्र कमाल होतं, म्हणून ऊर्जा टिकते.’ मोकळ्या अवकाशातल्या प्रगामी तरंगाला हे लागू नाही. तिथे दोन्ही क्षेत्रं एकाच जागी, एकाच क्षणी कमाल होतात आणि एकत्रच शून्य होतात. त्या बिंदूवरची ऊर्जा नाहीशी होत नाही, पुढे निघून गेलेली असते.

मुलांचं उत्तर बरोबर ठरतं ते अप्रगामी तरंगात. धातूच्या भिंतीवरून परावर्तन होताना विद्युतक्षेत्राची दिशा उलटते, चुंबकीय क्षेत्राची नाही. म्हणून भिंतीपाशी येणाऱ्या आणि परतणाऱ्या तरंगांची बेरीज केली तर विद्युतक्षेत्र शून्य, चुंबकीय क्षेत्र दुप्पट. दोघांत पाव तरंगलांबीचं आणि पाव आवर्तनकाळाचं अंतर पडतं. ऊर्जा तेवढ्याच पट्ट्यात मागेपुढे हिंदकळते. सरासरी प्रवाह शून्य. हर्ट्झने 1888 साली जस्ताच्या पत्र्यासमोर असेच निस्पंद शोधले होते.

घरी पाहायचं तर मायक्रोवेव्हमधली फिरती थाळी काढा, पालथ्या काचेच्या बशीवर पापड ठेवा आणि काही सेकंदच भाजा. 2.45 गिगाहर्ट्झला तरंगलांबी सुमारे 12.2 सेंटीमीटर, म्हणून फुललेले डाग साधारण 6 सेंटीमीटरवर अपेक्षित. (पेटीत तरंग अनेक दिशांनी फिरतात, त्यामुळे डाग ओळीत येत नाहीत.) कच्च्या भागात चुंबकीय क्षेत्र जोरदार असू शकतं, पण पापडातलं पाणी विद्युतक्षेत्राने तापतं. अर्थात पापड ऊर्जा शोषतो, म्हणजे तिथला तरंग पूर्णपणे अप्रगामी नसतो. किती, ते स्टँडिंग वेव्ह रेशोच्या पाठात.